बोलण्याचा रकाना

म्हाताऱ्या माणसाचे अंग पुसणाऱ्या, त्याला भरवणाऱ्या, त्याचा बिछाना बदलणाऱ्या माणसांकडे जग कमीपणाने का पाहते, याचे एक उत्तर तोंडावर तयार असते: काम घाणीचे, मरणाच्या शेजारचे, म्हणून. ब्रिटनचा इतिहास पाहिला तर हे उत्तर टिकत नाही. मलमूत्र अतिदक्षता विभागातल्या नर्सलाही चुकत नाही. तिला मात्र सगळे तज्ज्ञ मानतात. वृद्धसेवेला चिकटलेला कमीपणा तिथे घाणीतून आला नाही. हे काम कुठल्या इमारतीत झाले आणि कोणाकडून करून घेतले गेले, त्यातून तो आला. म्हाताऱ्यांशी न बोलण्याची, किंवा बोललेच तर लहान मुलाशी बोलावे तसे बोलण्याची सवयही त्याच इमारतीत मुरली, असे माझे म्हणणे आहे.

वर्कहाऊस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणारी संस्था. तिथले जगणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जगण्याहूनही नकोसे असावे, हे १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यामागचे तत्त्व होते. धडधाकटांनी आत येऊ नये हा त्याचा हेतू. आत येऊन राहिले ते बहुतेक म्हातारे, आजारी आणि पोरके. त्यांच्या शुश्रूषेसाठी पगारी माणसे ठेवायची तर खर्च, म्हणून तिथल्याच आश्रित बायकांना नर्स केले गेले. मोबदला म्हणजे थोडे जास्तीचे जेवण, चहा, बिअर. यांतल्या कित्येक स्वतःच थकलेल्या. काहींना औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीही वाचता येत नसे. १८६५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने लंडनच्या वर्कहाऊसमधल्या दवाखान्यांची पाहणी सुरू केली आणि हा कारभार चव्हाट्यावर आणला. त्याच वर्षी ॲग्नेस जोन्स ही नर्स लिव्हरपूलच्या ब्राउनलो हिल वर्कहाऊसमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तालमीतल्या नर्सेस घेऊन गेली. तीन वर्षांत टायफसने तिचा बळी घेतला. आश्रितांकडून नर्सिंग करून घेण्यावर बंदी आली ती थेट १८९७ साली. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ म्हाताऱ्यांची सेवा हे कौशल्य नव्हतेच, फुकटच्या अन्नाची ती परतफेड होती. अशा व्यवस्थेत ‘आज कसे वाटते?’ हे विचारणे कोणाच्याच कामात मोडत नव्हते.

१९३५ मध्ये लंडनलगतच्या आयझलवर्थ इथल्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचा जुना वर्कहाऊस-दवाखाना ताब्यात घेतला आणि ७१४ खाटा डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आल्या. वर्षानुवर्षे पडून असलेली माणसे, अनेकांच्या आजाराचे निदानही झालेले नाही. वॉरननी एकेकाला तपासले, वर्गवारी लावली, उठवून बसवले, चालवले. वॉर्डांना उजळ रंग दिला. कित्येक जण घरी गेले, खाटा २४० वर आल्या. इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. पडलेल्या माणसाला घरी पाठवायचे तर घरात कोण आहे, जिना किती चढायचा, संडास कुठे आहे, आणि मुळात त्याला जायचे आहे का, हे त्यालाच विचारावे लागते. बोलणे हा उपचाराचा भाग झाल्याशिवाय ही पद्धत चालूच शकत नव्हती.

पण सगळीकडे वॉरन नव्हत्या. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा आली, जुन्या वर्कहाऊसच्या इमारतींवरच्या पाट्या बदलल्या. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांच्या लेखी ते वर्कहाऊसच राहिले. महत्त्वाकांक्षी ब्रिटिश डॉक्टर वृद्धवैद्यकाकडे फिरकत नसत. त्या जागा भरल्या त्या मोठ्या प्रमाणात भारत-पाकिस्तानातून गेलेल्या डॉक्टरांनी. हृदयरोग किंवा शस्त्रक्रियेची दारे त्यांना सहज उघडत नव्हती. कॅरिबियन बेटांतून आलेल्या मुलींपैकीही पुष्कळ जणी कमी दर्जाच्या नर्सिंग प्रशिक्षणात आणि अशाच वॉर्डांत ढकलल्या गेल्या. कामाचा हलकेपणा करणाऱ्याला चिकटला आणि करणाऱ्याचा कामाला. कोणता आधीचा, हे सांगणे पुढे अवघडच झाले. वर आवाज पोचवण्याची वाटही बंद होती. १९६७ साली बार्बरा रॉब यांनी ‘सॅन्स एव्हरीथिंग’ या पुस्तकात म्हाताऱ्यांच्या वॉर्डांतल्या हेळसांडीविषयी नर्सेसच्या साक्षी छापल्या. सरकारी चौकशांनी त्या पुढच्या वर्षी बव्हंशी निराधार ठरवल्या. त्यानंतर वर्षभरातच कार्डिफच्या ईली या मतिमंदांच्या रुग्णालयाचा अहवाल आला आणि तिथल्या एका नर्सिंग साहाय्यकाच्या बऱ्याच तक्रारी खऱ्या निघाल्या.

बोलण्याचा शास्त्रीय अभ्यास नंतर, आणि मुख्यतः अमेरिकेत झाला. १९८१ साली लिंडा कॅपोराएल यांनी वृद्धाश्रमातली संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि शब्द पुसून नुसता सूर ऐकवला. म्हाताऱ्यांशी लावलेला लाडिक सूर लहान मुलांशी लावलेल्या सुरापासून ऐकणाऱ्यांना वेगळा काढता येईना. यावर आक्षेप निघतो तो खोटा नाही: हा सूर मायेचा असतो. फार परावलंबी झालेल्या वृद्धांना तो मानवतो, असे त्याच संशोधिकेच्या पुढच्या अभ्यासात सेविकांचे मत होते. पण माया आणि कमी लेखणे एकाच सुरात नांदू शकतात. आपल्याकडे ‘आजी, शहाण्यासारखं खायचं हं’ म्हणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. २००९ साली क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या २० जणांच्या देखभालीच्या चित्रफिती तपासल्या. लाडिक बोलले की रुग्णाने हात झटकण्याची, ओरडण्याची शक्यता ०.५५, साध्या प्रौढ बोलण्यात ०.२६. अभ्यास लहान आहे, हे खरे. तरी ज्याला नाव आठवत नाही त्यालाही आपल्याशी कसे बोलले जाते हे कळते, एवढे त्यातून दिसते.

यावर सोपा उपाय सुचतो: सेविकांना बोलायला शिकवा. त्याचा उपयोग होतोही. पण इंग्लंडमध्ये घरोघर जाऊन देखभाल करणाऱ्या सेविकेला कित्येकदा पंधरा मिनिटांची भेट ठरवून दिलेली असते. तेवढ्यात उठवणे, धुणे, कपडे, गोळ्या, चहा. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याच्या वेळेचे पैसे अनेकींना मिळत नाहीत. झालेल्या कामांपुढे खुणा करायच्या असतात, आणि बोलण्याला रकाना नसतो. अशा वेळी तिला संवादकौशल्याचे धडे देणे म्हणजे दोष तिच्या पदरात टाकून मोकळे होणे. कामाच्या दर्जाचा जुना प्रश्नही सुटलेला नाही: १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या ब्रिटनच्या व्हिसा-नियमांत सेविकांचे हे काम कुशल कामाच्या किमान पातळीखाली ठरले. माणसे मिळेनात तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये खास सवलतीने दार उघडले. भारतातूनही हजारो जण गेले. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नव्या भरतीचे दार पुन्हा बंद झाले. मधल्या साडेतीन वर्षांत आत यायचे तर इंग्रजी बोलता येते हे बहुतेकांना सिद्ध करावे लागत होते.