मागची चाके आणि बर्फाची परीक्षा



कुर्ल्याहून भांडुपमार्गे मुलुंडच्या नाक्याकडे जाणारा जुना आग्रा रोड, म्हणजे आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग. या रस्त्याने मोटारींचा बराच इतिहास पाहिला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडत. त्यांतलीच एक १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. मूळच्या इटलीतल्या सीएटची कंपनी इकडे १९५८ साली निघाली आणि तिचे टायर भांडुपला होऊ लागले.

आता मुलुंडकरांनी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर! मग इथे बर्फाची गोष्ट कशाला? सांगतो.

पद्मिनीचे इंजिन पुढे, पण त्याचा जोर मागच्या चाकांना. बैल गाडी पुढून ओढतो. ही गाडी मागून ढकलली जाते. वजन मात्र पुढे जास्त. निसरड्या जागी मागची हलकी चाके जागच्या जागी फिरतात. शेतकऱ्याला हे नवे नाही. चिखलात ट्रॅक्टरचे मागचे चाक फिरू लागले, की तो त्यावर वजन वाढवतो, टायरात पाणीही भरतो.

थंड मुलखात यावर टायरचाच उपाय निघाला. फिनलंडमधल्या नोकिया गावच्या रबर कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी हिवाळी टायर काढले. साधे रबर थंडीत कडक होते, हे मऊ राहते. शिवाय त्याच्या खोल खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फाला बर्फच चांगला धरतो.

त्याची परीक्षा कशी घेतात? गाडी तीच, चालक तोच, वेग तोच. बदलायचे फक्त टायर. मग ब्रेक दाबून गाडी किती अंतरात थांबते ते मोजायचे. बर्फ तासातासाला बदलतो, म्हणून मधूनमधून एकच ठरावीक टायर पुन्हा लावून पाहतात. शिक्षकांनी वर्गात सांगावी अशीच ही रीत आहे, बरं का!

पूर्वी पुष्कळ लोक हे टायर फक्त मागे लावीत. गाडी सुटे खरी, पण पुढची साधी चाके वळणावर घसरत आणि ब्रेकही नीट लागत नसे. शेवटी धडा मिळाला तो असा की जोर दोनच चाकांना असला, तरी पकड चारही चाकांना हवी.

पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. पाऊस मात्र दरवर्षी येतो. टायरच्या खाचा झिजल्या, की पाण्याला वाट मिळत नाही आणि वेगात चाक पाण्यावर तरंगते. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असा नियम आहे. तेव्हा मृगाच्या आधी नांगर-वखर पाहता ना? तसेच घरच्या गाडीचे चारही टायर खाली बसून पाहा. घाटातल्या ओल्या वळणावर गाडी रस्त्याला धरून असते ती एवढ्याशा खाचांच्या भरवशावर.