राज्य उद्याने व जलाशय, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटक राज्यांनी निसर्गसौंदर्याचे रक्षण आणि सर्वसामान्य जनतेचा विरंगुळा या दुहेरी हेतूने राखून ठेवलेल्या क्षेत्रांस राज्य उद्याने म्हणतात. वने, डोंगर, समुद्रकिनारे, नैसर्गिक सरोवरे, धरणांमुळे निर्माण झालेले जलाशय तसेच काही ऐतिहासिक स्थळे यांचा त्यांत समावेश होतो. तंबू ठोकून मुक्काम करणे, पदभ्रमण, पोहणे, नौकाविहार, गळाने मासे धरणे इ. गोष्टींची सोय तेथे केलेली असते. राष्ट्रीय उद्यानांची व्यवस्था संघशासन पाहते, तर राज्य उद्यानांची त्या त्या राज्याचे शासन. भारतात राष्ट्रीय उद्याने घोषित करण्याचा अधिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मुख्यत्वे राज्य शासनांकडेच असल्याने असा भेद आपल्याकडे आढळत नाही. ‘ही भूमी लोकांसाठी आहे’ हे राज्य उद्यानांचे मूळ तत्त्व. मात्र या ‘लोकां’त कोणाकोणाची गणना करावयाची, हा प्रश्न त्यांच्या सु. दीडशे वर्षांच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

प्रारंभ : अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असतानाच, ३० जून १८६४ रोजी, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका अधिनियमावर स्वाक्षरी करून योसेमिटी दरी आणि मॅरिपोसा येथील महावृक्षांची राई कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन केली. सार्वजनिक उपयोग व विरंगुळा यांसाठीच ही भूमी वापरली जावी आणि ती कधीही विकली जाऊ नये, अशी अट त्यात होती. भूमीच्या सौंदर्यासाठी ती राखून ठेवण्याची जबाबदारी राज्याने पतकरल्याचे हे पहिले मोठे उदाहरण होय. या क्षेत्राच्या आयुक्तांपैकी एक, विख्यात उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८६५ मध्ये सादर केलेल्या अहवालात, श्रीमंतांना स्वतःची रम्य स्थळे बाळगता येतात, सामान्यांना ती मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असा विचार मांडला. तो अहवाल विधिमंडळापर्यंत पोहोचू दिला गेला नाही. त्यातील विचार मात्र पुढे उद्यान-चळवळीचा पाया ठरला. योसेमिटीची दरी १९०६ मध्ये पुन्हा संघशासनाकडे जाऊन राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाली. या उदात्त आरंभाला एक काळी किनारही आहे. ही दरी निर्जन नव्हती. अवाह्‌नीची लोकांची तेथे वस्ती होती आणि १८५१ मध्ये मॅरिपोसा पलटणीने त्यांची घरे व अन्नसाठे जाळून त्यांना हुसकावून लावले होते.

पूर्वेकडे नायगारा धबधब्याची स्थिती वेगळी होती. त्याच्या काठची सर्व जमीन खाजगी मालकांच्या हाती गेली होती आणि कुंपणाआडून धबधबा पाहावयाचा, तर प्रत्येक ठिकाणी पैसे मोजावे लागत. धबधबा मुक्त करण्यासाठी ओल्मस्टेड व त्यांचे सहकारी यांनी दीर्घकाळ चळवळ केली. तिचे फलित म्हणून न्यूयॉर्क राज्याने काठची जमीन विकत घेऊन १५ जुलै १८८५ रोजी ती सर्वांना विनामूल्य खुली केली. आज अस्तित्वात असलेल्या राज्य उद्यानांत नायगारा हे सर्वांत जुने मानले जाते. याच राज्याने १८९४ मध्ये ॲडिरॉन्डॅक व कॅट्‌स्किल येथील शासकीय वने कायमची नैसर्गिक अवस्थेत राखण्याची तरतूद आपल्या संविधानात केली.

मिसिसिपी नदी जेथून उगम पावते, ते आयटास्का सरोवर व भोवतालचे पाइनवन यांसाठी मिनेसोटा राज्याने १८९१ मध्ये उद्यान स्थापले. त्याचा ठराव विधिमंडळात अवघ्या एका मताच्या आधिक्याने संमत झाला. वनात लाकूडतोडीचे हक्क असलेल्या कंपन्यांशी उद्यानाचा संघर्ष मात्र चालूच राहिला. १९०३ मध्ये मेरी गिब्ज या चोवीस वर्षांच्या तरुणीकडे उद्यानाचे आयुक्तपद आले. अशा पदावर आलेली ती अमेरिकेतील पहिली स्त्री मानली जाते. ओंडके वाहून नेण्यासाठी बंधाऱ्याचे दरवाजे लावून पाणी चढविल्यामुळे काठचे पाइन वृक्ष मरू लागले, तेव्हा शस्त्रधारी पहारेकऱ्याला न जुमानता तिने दरवाजे उघडण्याचा आग्रह धरला. काही महिन्यांतच तिला पद सोडावे लागले. पण सरोवरकाठचे जुने पाइन वृक्ष आजही पाहावयास मिळतात.

मोटार व शिबिरस्थळे : विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उद्यानांत जाणे हे रेल्वे व उपाहारगृहे यांचा खर्च परवडणाऱ्यांचेच सुख होते. मोटारगाडीने ही स्थिती पालटली. अमेरिकेतील नोंदणीकृत मोटारगाड्यांची संख्या १९२० मधील सु. ८१ लाखांवरून १९३० मध्ये सु. २ कोटी ३० लाखांवर गेली. तंबू, अंथरूण व स्वयंपाकाची भांडी गाडीत घालून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडू लागली. राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक स्टीफन मेदर यांच्या पुढाकाराने जानेवारी १९२१ मध्ये आयोवा राज्यातील डि मॉइन येथे राज्य उद्यानांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. तोपर्यंत निम्म्याहून अधिक राज्यांत एकही राज्य उद्यान नव्हते. प्रत्येक शंभर मैलांच्या अंतरात एक राज्य उद्यान असावे, ही घोषणा या परिषदेच्या चळवळीतून लोकप्रिय झाली. इंडियाना राज्यातील उद्यानांचे प्रवर्तक रिचर्ड लीबर यांनी अल्प प्रवेशशुल्क व उद्यानातील निवासगृहे यांच्या उत्पन्नावर उद्याने चालविण्याची पद्धत रूढ केली. उलट मेन राज्याचे माजी राज्यपाल पर्सिव्हल बॅक्स्टर यांनी कटाह्‌डिन पर्वताभोवतीची ८०,००० हेक्टरांहून अधिक भूमी १९३१ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने स्वखर्चाने विकत घेऊन राज्याला दान केली.

लोक मोठ्या संख्येने येऊ लागताच वनाला त्यांचा उपद्रवही जाणवू लागला. वनस्पतिरोगतज्ञ एमिलिओ माइनेके यांनी कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांची पाहणी करून असे दाखवून दिले, की गाड्यांची चाके व माणसांचे पाय यांमुळे माती घट्ट होते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि झाडे हळूहळू वठतात. १९३२ मध्ये त्यांनी शिबिरस्थळांचा नवा आराखडा सुचविला. एकेरी वळणाचा रस्ता, त्याला फुटलेले गाडी उभी करण्याचे आखूड फाटे, प्रत्येक फाट्यालगत एक तंबूची जागा, एक मेज व एक पक्की चूल आणि या सर्वांना वेगळे ठेवणारी झाडेझुडपे अशी ही रचना होती. गाडी ठराविक जागीच थांबावी म्हणून कडेला दगड वा ओंडके रोवले जात. आजच्या बहुतेक अमेरिकन शिबिरस्थळांची मांडणी याच आराखड्यावर आधारलेली आहे.

महामंदी व श्रमदल : १९२९ नंतरच्या महामंदीत लक्षावधी तरुण बेकार झाले. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये स्थापन केलेल्या नागरी संधारण दलात १९४२ पर्यंत सु. ३० लाख तरुणांनी काम केले. त्यांना महिना ३० डॉलर वेतन मिळे आणि त्यांपैकी बहुतांश रक्कम परस्पर घरी धाडली जाई. या दलाने सातशेंहून अधिक राज्य उद्यानांत रस्ते, पायवाटा, दगडी बंधारे, लाकडी कुटी व निवारे बांधले. स्थानिक दगड व लाकूड वापरून, वनाच्या पार्श्वभूमीशी मिळतीजुळती अशी ही बांधकामे असत व त्यांपैकी अनेक आजही वापरात आहेत. व्हर्जिनिया राज्याने १५ जून १९३६ रोजी एकाच दिवशी सहा उद्याने खुली केली, ती या श्रमांच्या बळावरच.

धरणे व जलाशय : अमेरिकेच्या दक्षिण व मध्य भागांत नैसर्गिक सरोवरे थोडी आहेत. तेथील जलविहाराची बहुतेक स्थळे धरणांमुळे निर्माण झाली. टेनेसी खोरे प्राधिकरणाने (स्थापना १९३३) नॉरिस धरण १९३६ मध्ये पूर्ण केले व त्याच्या जलाशयाकाठी नमुन्यादाखल उद्याने वसविली. पुढे अशी उद्याने राज्यांकडे देण्यात आली. १९४४ च्या पूरनियंत्रण अधिनियमाने लष्कराच्या अभियंता विभागास आपल्या जलाशयांवर विरंगुळ्याच्या सोयी करण्याची मुभा मिळाली आणि युद्धोत्तर काळात जलाशयाकाठची राज्य उद्याने झपाट्याने वाढली.

या पाण्याखाली मात्र कोणाची तरी शेते व घरे होती. नॉरिस जलाशयासाठी सु. तीन हजार कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. नॉर्थ डकोटा राज्यातील मिसूरी नदीवरील गॅरिसन धरणासाठी मॅन्डन, हिडॅट्‌सा व अरिकारा या तीन जमातींच्या राखीव क्षेत्रातील सु. ६१,६०० हेक्टर भूमी घेण्यात आली. एल्बोवूड्‌स हे त्यांचे मुख्य गाव, नदीकाठची सुपीक शेती व बहुसंख्य घरे बुडाली. मे १९४८ मध्ये या भूमीच्या करारावर स्वाक्षऱ्या होत असताना जमातींचे प्रमुख जॉर्ज जिलेट यांना अश्रू आवरले नाहीत. त्या प्रसंगाचे छायाचित्र अमेरिकेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. या जलाशयाला पुढे लेक सॅकॅकविया हे नाव मिळाले आणि धरणाजवळ त्याच नावाचे राज्य उद्यान झाले.

वर्णभेद : दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना बहुतेक राज्य उद्यानांत प्रवेश नव्हता. व्हर्जिनियातील सीशोर उद्यानाच्या उभारणीत कृष्णवर्णीय श्रमदल-तुकड्यांचा मोठा वाटा होता. तथापि उद्यान खुले झाल्यावर त्याचा उपभोग त्यांच्या समाजाला घेता येत नसे. काही राज्यांनी त्यांच्यासाठी निराळी उद्याने काढली. टेनेसीतील टी. ओ. फुलर आणि चिकमॉगा जलाशयाकाठचे बुकर टी. वॉशिंग्टन ही त्यांपैकी होत. व्हर्जिनियातील स्टॉन्टन रिव्हर उद्यानात १९४८ मध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थांना प्रवेश नाकारला गेल्यावर त्यांनी न्यायालयात दाद मागितली. तेव्हा राज्याने १९५० मध्ये प्रिन्स एडवर्ड परगण्यात कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र उद्यान उघडले. शेजारच्याच गुडविन तळ्यावर गोरे लोक जात. एकाच वनातील दोन तळी अशा रीतीने वर्णानुसार वाटली गेली.

मेरीलँडमधील सँडी पॉइंट उद्यानाच्या किनाऱ्यासंबंधीच्या दाव्यासह एका प्रकरणात, ७ नोव्हेंबर १९५५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक स्नानकिनाऱ्यांवरील वर्णभेद अवैध ठरविणारा निर्णय कायम केला. काही राज्यांनी उद्याने सर्वांना खुली करण्याऐवजी ती बंद करणे पसंत केले. व्हर्जिनियाने सीशोर उद्यान १९५५ मध्ये बंद केले. साउथ कॅरोलायनाने १९६३ मध्ये आपली सर्व राज्य उद्याने बंद केली. पुढील वर्षी ती अंशतः उघडली, पण पोहण्याच्या जागा व कुटी बंदच ठेवल्या. ती पूर्णपणे खुली व्हावयास १९६६ साल उजाडले. प्रिन्स एडवर्ड व गुडविन या दोन उद्यानांचे एकत्रीकरण होऊन १९८६ मध्ये त्यांना ‘जुळी तळी’ या अर्थाचे ट्विन लेक्स हे नाव देण्यात आले.

अर्थव्यवस्था व आधुनिक प्रश्न : बाह्य विरंगुळ्याच्या साधनांचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने १९६२ मध्ये अहवाल दिला. अशा विरंगुळ्याचे मुख्य आकर्षण पाणी हेच असते, असे त्यात नमूद केले होते. त्यानंतर १९६४ मध्ये भूमी व जलसंधारण निधी स्थापन झाला. समुद्रातील तेल व वायू यांच्या स्वामित्वधनातून त्यात भर पडते व त्यातून राज्यांना जमीन खरेदी आणि सोयी यांसाठी अनुदान मिळते. २०१९ मध्ये हा निधी कायमस्वरूपी करण्यात आला आणि २०२० मध्ये त्यासाठी दरवर्षी ९० कोटी डॉलरची हमी देण्यात आली. दैनंदिन खर्चाचा भार मात्र राज्यांवरच असतो. २०११ मध्ये आर्थिक टंचाईमुळे कॅलिफोर्नियाने आपल्या २७८ राज्य उद्यानांपैकी ७० बंद करण्याचे जाहीर केले होते. देणग्या व स्थानिक संस्थांचे साहाय्य यांमुळे त्यांतील बहुतेक वाचली. शुल्क वाढविले तर गरिबांची वाट अडते आणि न वाढविले तर डागडुजी रखडते, हा लीबर यांच्या काळापासूनचा पेच अद्यापि सुटलेला नाही. त्यात हवामानबदलाची भर पडली आहे. १९०२ मध्ये स्थापन झालेले कॅलिफोर्नियातील बिग बेसिन हे रेडवुड उद्यान ऑगस्ट २०२० मधील वणव्यात जवळजवळ संपूर्ण होरपळले. बहुतेक महावृक्षांना पुन्हा पालवी फुटली. परंतु श्रमदलाने बांधलेल्या जुन्या वास्तू नष्ट झाल्या.

अलीकडील काळात भूमीच्या पूर्वीच्या धन्यांचा विचारही होऊ लागला आहे. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये पॅट्रिक्स पॉइंट उद्यानाला युरोक जमातीचे मूळ स्थलनाम देऊन ते सू-मेग केले. मिनेसोटातील अपर सू एजन्सी उद्यान याहून महत्त्वाचे ठरते. देय असलेले धान्य रोखून धरल्याने डकोटा लोकांवर जेथे उपासमार ओढवली आणि १८६२ च्या युद्धाची ठिणगी पडली, त्या प्रदेशात हे उद्यान १९६३ मध्ये स्थापन झाले होते. तेथे डकोटांच्या पूर्वजांच्या दफनभूमी आहेत. पूर्वजांच्या थडग्यांपाशी लोक सहलीला येतात आणि आम्हालाच तेथे प्रवेशशुल्क द्यावे लागते, ही त्यांची तक्रार जुनी होती. विधिमंडळाने २०२३ मध्ये अधिनियम संमत केला आणि मार्च २०२४ मध्ये हे उद्यान त्या जमातीच्या स्वाधीन करण्यात आले. नायगाराची भूमी खाजगी मालकांकडून घेऊन जनतेला देताना १८८५ मध्ये जे तत्त्व मान्य झाले, त्याचाच विचार येथे उलट दिशेने झाला. भूमी राखून ठेवणे जितके आवश्यक, तितकेच ती कोणाकडून घेतली याचे स्मरण राखणेही आवश्यक आहे, ही जाणीव राज्य उद्यानांच्या इतिहासात उशिरा का होईना, पण रुजू लागली आहे.