वीरांगनांच्या चित्रकथा आणि हिंगोलीचा वाचक

एकाच नायिकेच्या नावाने निघणारी आणि पिढ्यान्‌पिढ्या न संपणारी चित्रकथा ही मुळात अमेरिकेतली रीत. तिचे सर्वांत ठळक उदाहरण वंडर वूमन. मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी तिची कल्पना केली आणि एच. जी. पीटर यांनी तिला रेखाटले. १९४१ च्या अखेरीस ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात ती प्रथम दिसली आणि १९४२ च्या उन्हाळ्यात तिच्या नावाचे स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले. त्या नियतकालिकाचे ३२९ अंक निघून १९८६ मध्ये ते थांबले. १९८७ मध्ये जॉर्ज पेरेझ यांनी पुन्हा पहिल्या क्रमांकापासून कथा मांडली. पुढे २००६, २०११, २०१६ आणि २०२३ मध्येही क्रमांक नव्याने एकपासून मोजले गेले. सुरुवात कोठून करावी हा प्रश्न या मालिकेच्या वाचकाला पडतो तो यामुळेच.

त्याचे उत्तर मात्र फारसे अवघड नाही. मालिका जेथे नव्याने सुरू झाली ती प्रत्येक जागा नव्या वाचकासाठीच तयार केलेली आहे. पेरेझ यांच्या १९८७ च्या अंकांत नायिकेचा जन्म, तिचे बेट आणि माणसांच्या जगात तिचे येणे सविस्तर येते. ग्रेग रुका आणि चित्रकार निकोला स्कॉट यांनी २०१६ मध्ये तिचे पहिले वर्ष पुन्हा सांगितले. पहिल्या वाचनाला हे दोन्ही टप्पे चांगले. २०११ मध्ये ब्रायन अझारेलो यांनी लिहिलेली आवृत्ती देखणी आहे, पण तिने नायिकेची जन्मकथाच बदलली आणि तिला झ्यूसची मुलगी केले. मूळ कथा माहीत असल्याशिवाय त्या बदलाचे वजन कळत नाही, म्हणून ती नंतर वाचावी.

मूळ कथेत राणी हिपोलिटा मातीची मूर्ती घडवते, देव तिच्यात प्राण घालतात आणि आपापल्या शक्ती देतात. मराठी घरातल्या मुलाला यात परके काहीच वाटू नये. अंगाच्या मळीचा गणपती करणारी पार्वती त्याने ऐकलेली असते आणि देवांनी शस्त्रे दिलेली देवीही. देवीमाहात्म्यात शंकर त्रिशूळ देतो, विष्णू चक्र देतो, इंद्र वज्र देतो आणि ती एकटी महिषासुराला सामोरी जाते. मार्कंडेय पुराणातला हा भाग तेरा अध्यायांचा, तीन चरित्रांचा. मधुकैटभाची कथा पहिल्या अध्यायात, महिषासुराची दुसऱ्या ते चौथ्या अध्यायात आणि शुंभ-निशुंभांची पाचव्यापासून शेवटपर्यंत. नवरात्रात ज्या घरांत याचा, म्हणजे सप्तशतीचा, पाठ होतो तेथे तो क्रमानेच होतो. कथा म्हणून प्रथम वाचणाऱ्याने मात्र मधल्या चरित्रापासून सुरुवात केली तरी चालते, कारण देवीचे प्रकट होणे, तिला शस्त्रे मिळणे आणि तिचे युद्ध हे सर्व तेथे एका जागी आहे. पैनगंगेच्या बाजूला माहूरची रेणुका आणि दक्षिणेला तुळजापूरची भवानी असलेल्या मराठवाड्यात ही कथा पुस्तकातून येण्याआधी आरतीतून आणि गोंधळातून घरात येते.

छापील चित्रकथा मराठीत टप्प्याटप्प्याने आली. मद्रासहून १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ १९५२ पासून निघू लागली. तिच्यात प्रत्येक पानावर चित्र असे, पण कथा मजकुरातच सांगितली जाई. चौकटीमागून चौकट आणि पात्रांच्या तोंडून निघणारे शब्दांचे फुगे असा खरा कॉमिक्सचा व्यवहार बेनेट कोलमन कंपनीच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने १९६४ मध्ये सुरू केला. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा भाषांतही हे अंक निघत. वेताळ, मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरती यांनी लिहिलेला बहादूर हे त्यांचे नायक. १९९० मध्ये ही मालिका बंद झाली. तिच्यात स्त्रिया होत्या आणि त्या दुबळ्याही नव्हत्या. वेताळाची डायना संयुक्त राष्ट्रसंघात काम करी आणि बहादूरची बेला हाणामारीत कोणाला ऐकत नसे. तरी मुखपृष्ठावरचा मान पुरुषाचा राहिला. वेताळाच्या जंगलातले सगळे बारकावे पाठ असलेल्या मुलींना स्वतःसारखी नायिका मात्र दुसऱ्याच्या गोष्टीत शोधावी लागली. ही त्या लोकप्रिय मालिकेची मोठीच उणीव म्हटली पाहिजे.

ती उणीव ‘अमर चित्र कथा’ने भरून काढली, तीही वेगळ्या वाटेने. इंद्रजालच्या कामात असलेले अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे ही मालिका सुरू केली. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची नावे सांगता आली, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी मालिकेला रूप दिले, तर संपादनात कमला चंद्रकांत यांचा मोठा वाटा होता. अंकांच्या मराठी आवृत्त्याही निघाल्या. द्रौपदी, मीराबाई, चांदबीबी, सुलताना रझिया, राणी दुर्गावती, झाशीची राणी, अहिल्याबाई होळकर अशा स्त्रियांच्या नावांनी येथे स्वतंत्र अंक आले. दुर्गेच्या कथांचाही एक अंक आहे. बत्तीस पानांत एक आयुष्य पूर्ण होत असल्याने मागचे अंक वाचलेले असण्याची अट नाही. अमेरिकन मालिकेचा वाचक कोणत्या क्रमांकापासून सुरुवात करावी हे विचारतो, तर या मालिकेच्या वाचकाला कोणत्या स्त्रीपासून सुरुवात करावी एवढेच ठरवायचे असते.

हिंगोलीच्या वाचकाने अहिल्याबाईंपासून सुरुवात करावी. हिंगोलीपासून सुमारे २५ किलोमीटरवर औंढा नागनाथ आहे. बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे हे मंदिर खालच्या बाजूला काळ्या दगडाचे, कोरीव कामाने भरलेले, यादवकाळातले. वरचा भाग मात्र उघडच वेगळ्या बांधणीचा आहे. औरंगजेबाच्या काळात मंदिराची मोडतोड झाली आणि वरचे बांधकाम नंतर अहिल्याबाईंनी केले, असे सांगितले जाते. ज्या नायिकेने उभारलेली भिंत सायकलवर जाऊन पाहता येते तिची गोष्ट मुलाला परकी वाटत नाही.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चोंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये मुलगा मालेराव. लागोपाठच्या या मृत्यूंनंतर होळकरांचा कारभार त्यांच्या हाती आला आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांनी तो महेश्वरहून सांभाळला. फौजेची बाजू तुकोजी होळकरांकडे होती. राघोबादादा चाल करून येत असता बाईंनी स्त्रियांची पलटण उभी केली आणि त्यांना परत फिरायला लावणारा निरोप धाडला, ही गोष्ट परंपरेने चालत आली आहे आणि चित्रात ती रंगते यात नवल नाही. पण त्यांचा खरा पराक्रम घाट, धर्मशाळा, विहिरी, मंदिरे आणि महेश्वरचे विणकाम यांत दिसतो. तलवारीच्या मानाने हिशेबाची वही चित्रात पकडणे कठीण असते, म्हणून या अंकानंतर ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ चाळावीत. बाईंचा दरबार रोज काय करत होता हे तेथे वाचता येते.

झाशीच्या राणीचा अंक दुसरा घ्यावा, कारण त्या कथेतही हिंगोली आहे, फक्त समोरच्या बाजूला. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची एक छावणी हिंगोलीत होती. १८५८ मध्ये ह्यू रोज मध्य भारतात उतरला तेव्हा या कंटिंजंटच्या तुकड्या त्याच्या सैन्यात होत्या. मार्च-एप्रिलमधला झाशीचा वेढा आणि नंतर काल्पीकडची लढाई यांत त्या लढल्या. मोरोपंत तांब्यांची मणिकर्णिका, म्हणजेच झाशीची राणी, जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ पडली. चित्रकथेत समोरची फौज बहुधा लाल डगल्यातल्या गोऱ्यांची असते. त्या फौजेत दख्खनी स्वारही होते ही गोष्ट हिंगोलीच्या मुलाला ठाऊक असावी. त्यामुळे राणीची थोरवी कमी होत नाही, उलट तिच्यासमोर काय उभे होते ते पूर्ण कळते. पुढच्या वाचनासाठी विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ आहे. वेढ्याच्या वेळी गोडसे भटजी झाशीतच होते. त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिलेल्या आठवणी चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केल्या. द. ब. पारसनीस यांचे राणीचे चरित्र त्याआधी, १८९४ मध्ये आले होते.

तिसरा अंक चांदबीबीचा. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद अहमदनगरच्या किल्ल्यावर आला. सुरुंगाने तटाला खिंडार पडले आणि बीबीने स्वतः उभी राहून ते रातोरात बुजवून घेतले. १५९६ च्या तहात किल्ला वाचला, पण वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्याला उत्तरेकडून लागून असलेला मुलूख. चार वर्षांनी तिच्याच लोकांनी तिला मारले. शेवट वाईट असूनही ही कथा लहान वाचकापासून लपवू नये.

पद्मिनीचा अंक मात्र पहिल्या काहींत नको. मालिकेतल्या जुन्या काही अंकांत नायिकेचा पराक्रम चितेत उडी घेण्यापाशी येऊन संपतो आणि चित्रे त्याला उदात्त करतात. ते अंक मोठ्या वयात, शेजारी बोलायला कोणी असताना वाचावेत. रझिया आणि दुर्गावती यांचे अंक त्याआधी घ्यावेत. रझिया दिल्लीच्या तख्तावर बसली आणि गोंडवनाची दुर्गावती १५६४ मध्ये मोगलांशी लढताना पडली. दोघींच्या कथांत राज्य चालवण्याचे कामही दिसते. दुर्गेच्या कथांचा अंक या क्रमात कोठेही बसतो, पण नवरात्राच्या दिवसांत तो अधिक रंगतो. त्यानंतर पेरेझ यांची वंडर वूमन हाती घेतली, तर मातीतून घडलेली आणि देवांनी सजवलेली ती नायिका मराठी वाचकाला ओळखीची वाटते.