खिळे, ठोकळे आणि काकांचे दोन रकाने

अँटवर्पला कुणी पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी चॉकलेट खायला घालतो आणि मग प्लान्टिन-मोरेटुस संग्रहालयात नेतो. चॉकलेटला कुणी नाही म्हणत नाही. संग्रहालयाचं नाव काढलं की मात्र चेहरे जरा पडतात. "छापखाना काय बघायचा?" असा तो चेहरा असतो. बाहेर येईपर्यंत तोच पाहुणा शिशाच्या खिळ्यांचे फोटो काढण्यात दंग झालेला असतो, हा आमचा नेहमीचा अनुभव!

ख्रिस्तोफ प्लान्टिन हा मूळचा फ्रेंच. अँटवर्पला आला तो पुस्तकबांधणी करायला, आणि १५५५ पासून छपाईत पडला. त्याचा आणि त्याच्या जावयाच्या वंशजांचा, म्हणजे मोरेटुस घराण्याचा, छापखाना पुढे तीनशेहून जास्त वर्षं चालला. १८७६ साली तो शहराला विकला गेला, दुसऱ्या वर्षी त्याचं संग्रहालय झालं आणि २००५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. जगातली सर्वात जुनी अशी दोन छपाईयंत्रं इथे आहेत. गारामाँ आणि ग्राँजाँ या नामवंत अक्षरकारांच्या हातचे ठसे आणि साचेसुद्धा आहेत.

पण मी तिथे दर वेळी थांबतो तो एका पुस्तकापाशी. प्लान्टिनने १५६८ ते १५७२ या काळात छापलेलं बहुभाषी बायबल. आठ खंड, पाच भाषा: हिब्रू, अरामाईक, सिरीयॅक, ग्रीक आणि लॅटिन. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा आश्रय होता आणि संपादनाची जबाबदारी आरियास मोंतानो या विद्वानाकडे. जुन्या कराराची दोन समोरासमोरची पानं उघडून बघा. डाव्या पानावर हिब्रू आणि शेजारी लॅटिन. उजव्या पानावर ग्रीक आणि त्याचं लॅटिन भाषांतर. खाली आडव्या पट्ट्यात अरामाईक, आणि पलीकडे त्याचंही लॅटिन. एक भाषा उजवीकडून डावीकडे धावते, दुसरी डावीकडून उजवीकडे, आणि तरी सगळ्या एकाच श्लोकावर एकत्र पोचतात! पानाची मांडणी म्हणजे काय, हे मला संगणकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या दोन पानांनी जास्त शिकवलं.

आता विचार करा. खिळे जुळवून झालेत, पान आवळून बांधलंय, आणि कुणीतरी म्हणालं, "ग्रीकचा रकाना जरा अरुंद करा." झालं! रकाना अरुंद झाला की ओळी तुटणार, ओळी तुटल्या की लांबी वाढणार, लांबी वाढली की खालचा पट्टा सरकणार. म्हणजे सगळे खिळे सोडवा आणि पुन्हा जुळवा. शिशात मजकूर आणि मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी नसतातच. छपाई झाली की खिळे परत आपापल्या खणात जातात आणि ते पान फक्त कागदावर उरतं.

शिशाची ही सक्ती संगणकावर नव्हती. तरी गंमत अशी, की महाजालाने पहिली काही वर्षं तीच चूक पुन्हा हौसेने केली.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत महाजाल उभं केलं, तेव्हा एचटीएमएलमध्ये लेखकाने फक्त एवढंच सांगायचं होतं: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. ते दिसावं कसं, हे वाचणाऱ्याच्या ब्राउझरने बघून घ्यायचं. शास्त्रज्ञांना ते पुरेसं होतं. पण दुकानदार आले, जाहिरातदार आले, आणि सगळ्यांना 'आमचं पान असंच दिसलं पाहिजे' असं वाटू लागलं. १९९५ साली नेटस्केपमध्ये तक्ते आले. ते होते आकडेवारीसाठी, पण लोकांनी त्यात सगळं पानच कोंबलं. एका खणात मेनू, एकात मजकूर, एकात जाहिरात. जागा सोडायची असेल तर एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र घालून ते ताणायचं! १९९६ साली डेव्हिड सीगल याच्या एका पुस्तकाने ही युक्ती घरोघरी पोचवली. म्हणजे पुन्हा शिशाचे खिळेच की. एक रकाना हलवायचा तर शंभर पानं एकेक करून उघडायची.

यावरचा उतारा खरं तर आधीच सुचलेला होता. सर्नमध्येच काम करणाऱ्या होकुन विउम ली या नॉर्वेजियन तरुणाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी एक प्रस्ताव मांडला. मजकूर एका फायलीत, त्याचं रूप दुसऱ्या. बर्ट बॉस हा डच संशोधक त्याला येऊन मिळाला, आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली. यात लेखकाचं आणि वाचकाचं मत जुळलं नाही तर कोणाचं चालणार, याचाही विचार होता. पहिल्या आवृत्तीत लेखकाने 'हे महत्त्वाचं' असं लिहिलं की वाचकाने तसंच लिहिलं तरी लेखक जिंके. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे उलटं केलं आणि शेवटचा शब्द वाचकाचा ठरला. ज्याला मोठी अक्षरं हवीत, ज्याला रंग नीट दिसत नाहीत, त्याचं आधी ऐकायचं. मला हा बदल फार मोठा वाटतो.

आता पुन्हा अँटवर्पला येऊ. २००० साली इथल्या विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी वसतिगृहात एकच इंटरनेट जोडणी आठ जणांत वाटून घेतली होती. त्यांच्यातल्या ड्रीस बाउटार्टने आपसांत निरोप ठेवायला एक छोटं संकेतस्थळ लिहिलं. शिक्षण संपल्यावर ते सर्वांसाठी खुलं करायचं ठरलं. नाव ठेवायचं होतं 'डोर्प', म्हणजे डच भाषेत खेडं. टंकताना अक्षरं उलटसुलट झाली आणि झालं 'ड्रॉप'! त्यामागची प्रणाली जानेवारी २००१ मध्ये खुली केली, तेव्हा थेंबाला डच शब्द 'ड्रुपल' म्हणून तिचं नाव पडलं द्रुपल. पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसचं संकेतस्थळ द्रुपलवर आलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते वर्डप्रेसवर गेलंसुद्धा. असो.

द्रुपलची कल्पना साधी आहे. मजकूर राहतो डेटाबेसमध्ये. पान असं कुठे ठेवलेलंच नसतं. कुणी मागितलं की त्या क्षणी ते जुळवलं जातं, जणू दर वाचकामागे एक कंपोझिटर उभा आहे. पानाचे ठरावीक विभाग असतात आणि त्यांत ठोकळे ठेवायचे: मेनूचा ठोकळा, ताज्या लेखांचा ठोकळा. सुरुवातीला विभाग दोनच होते, डावी बाजू आणि उजवी बाजू. कुठला ठोकळा वर आणि कुठला खाली हे ठरायचं 'वजना'वरून. उणे दहा वजनाचा हलका ठोकळा वर तरंगायचा, अधिक दहाचा जड ठोकळा तळाला बसायचा. मला हे इतकं आवडलं होतं! २००६ च्या ४.७ आवृत्तीपासून थीम लिहिणाऱ्याला आपले विभाग स्वतः आखता येऊ लागले. २००८ च्या सहाव्या आवृत्तीत ठोकळे माउसने ओढून वरखाली करता आले. प्लान्टिनच्या कंपोझिटरने हे पाहिलं असतं तर नोकरी सोडली असती.

पण एवढी सोय झाली तरी माणसाचं समाधान होतं का? तर आता माझी गोष्ट सांगतो.

मी २०१३ साली पीएचडीसाठी बेल्जियमला आलो. इथल्या आमच्या छोट्या मराठी मंडळाला संकेतस्थळ हवं होतं आणि 'हा संगणकवाला आहे' म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. द्रुपलची सातवी आवृत्ती घेऊन मी ते उभं केलं. मंडळात एक काका होते. १९७० च्या दशकात बोटीवरचे इंजिनियर म्हणून आले आणि इथल्या बंदरातच रमले. त्यांनी आपल्या आठवणी लिहायला घेतल्या. अकरा भाग. पहिला भाग मी संकेतस्थळावर चढवला आणि त्यांना दाखवला.

"अरे, हे काय? हे तर सरकारी परिपत्रक दिसतंय!"

"का हो काका?"

"दोन रकाने पाहिजेत. दिवाळी अंकासारखे. पहिलं अक्षर मोठं, आणि बोटीचा फोटो उजवीकडे वर."

सातव्या आवृत्तीत हे नीट करायची रीत होती. मजकूर मजकुराच्या जागी ठेवायचा, फोटोला वेगळा रकाना द्यायचा आणि रूप थीमकडून घ्यायचं. पण त्यासाठी बसून विचार करावा लागला असता, आणि माझा प्रबंध डोक्यावर होता. मी सोपा मार्ग धरला. काकांच्या पानासाठी थीममध्ये वेगळी टेम्प्लेट फाइल केली आणि अख्खा मजकूर हाताने दोन भाग करून तिच्यातच चिकटवला. अकराही भागांना हेच. काका खूष! "आता कसं छान दिसतंय," म्हणाले. मीही खूष.

काका २०१९ साली गेले.

सातव्या आवृत्तीचा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपणार होता, म्हणून २०२४ मध्ये मी सगळं नव्या आवृत्तीवर हलवलं. जुन्या थीम नव्या आवृत्तीत चालत नाहीत. तेव्हा डेटाबेसची प्रत घेतली, मजकूर सगळा तिथेच असतो हे मीच चार लोकांना शिकवलेलं, आणि जुना सर्व्हर बंद केला. दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. "यांचं पान दिसत नाही रे. नातीला वाचायला द्यायचं होतं."

डेटाबेसमध्ये अकरा शीर्षकं होती. त्यांच्याखाली काही नव्हतं. पान फक्त सभासदांनाच दिसत असल्यामुळे महाजालाच्या कुठल्या संग्रहातही त्याची प्रत नव्हती. काकूंना हे सांगायला मी घरी गेलो. फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

मांडणीत अडकलेला मजकूर मांडणीबरोबरच मरतो, हे आपण मराठी लोकांनी तर आधीच भोगलंय. युनिकोड रुळण्याआधी कितीतरी मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टमध्ये टंकलेला होता. फॉन्ट आहे तोवर 'ज्ञानेश्वर', फॉन्ट गेला की रोमन अक्षरांचा कचरा. तिथेही अक्षर आणि त्याचं रूप एकत्र बांधलेलं होतं. मला हे माहीत होतं आणि तरी मी तेच केलं.

आजची साधनं हा मोह आणखी सोपा करतात. २०१९ च्या मे महिन्यात द्रुपल ८.७ मध्ये मांडणी रचण्याचं साधन पक्कं झालं आणि वाटेल ते पान ओढून-ढकलून सजवता येऊ लागलं. वर्डप्रेसने डिसेंबर २०१८ मध्ये ठोकळ्यांचा नवा संपादक आणला, त्याचं नाव चक्क गुटेनबर्ग! त्यात मांडणीच्या खुणा मजकुराच्या आतच साठवल्या जातात. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, लाखो लोकांची कामं त्याने होतात. पण पान सजवताना एकदा स्वतःला विचारावं: उद्या हे सगळं रूप उतरवलं, तर खाली काय उरेल?

काकूंनी फडताळातून एक फाइल काढली. काका प्रत्येक भाग झाला की छापून घ्यायचे. अकरापैकी नऊ भाग निघाले. चौथा आणि सातवा नाही. शनिवार-रविवार बसून मी ते नऊ भाग पुन्हा टंकले. साधे परिच्छेद, बाकी काही नाही.

दोन रकाने मात्र दिलेत. त्यासाठी आता सीएसएसमध्ये एक ओळ पुरते, आणि तो रकान्यांचा नियम लिहिणाऱ्यांत पुन्हा तोच होकुन विउम ली आहे. ती ओळ वेगळ्या फायलीत आहे. नातीने फोनवर उघडलं तर एकच रकाना दिसतो, आणि काकूंनी अक्षरं मोठी केली तरी काही मोडत नाही.

चौथ्या आणि सातव्या भागाची शीर्षकं तशीच ठेवलीत. सातव्याचं नाव आहे 'सुएझमधली रात्र'. त्या रात्री काय झालं, ते काकूंनाही आता आठवत नाही.