उपग्रहांवरील घड्याळे मुद्दाम हळू का लावतात?

जीपीएस उपग्रहांवरील अणुघड्याळे प्रक्षेपणापूर्वीच मुद्दाम किंचित हळू लावलेली असतात. कारण ही यंत्रणा अंतर मोजते ते वेळेवरून. उपग्रह आपले स्थान आणि संदेश निघाल्याची वेळ सतत कळवतो. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहापर्यंतचे अंतर मिळते. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. साहजिकच घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले तर अंतर ३०० मीटरने चुकते. मोबाइलमधील क्वार्ट्झ घड्याळ इतके काटेकोर नसते. त्याची चूक काढण्यासाठीच तीनऐवजी चार उपग्रहांचे संदेश लागतात.

परंतु अचूक अणुघड्याळही कक्षेत गेल्यावर जमिनीवरील घड्याळाशी जुळत नाही. हे उपग्रह सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर वेगाने फिरतात. विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार या गतीमुळे घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उलट, सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने, व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार ते ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. वजाबाकी करता घड्याळ रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे धावते. याकडे दुर्लक्ष केले, तर मोजलेल्या अंतरातील चूक दिवसाला ११ किलोमीटरने वाढत जाईल.

अमेरिकेने जून १९७७ मध्ये सीझियम घड्याळ असलेला एनटीएस-२ उपग्रह सोडला, तेव्हा काही जाणकारांना या परिणामाविषयी शंका होती. म्हणून दुरुस्तीची सोय असूनही ती आरंभी बंद ठेवण्यात आली. २० दिवसांत घड्याळ जवळजवळ भाकिताइतकेच पुढे धावले आणि शंका मिटली. आता जीपीएस घड्याळांची मूळ वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झ ठेवतात. कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने उरणारा फरक ग्राहक यंत्र गणिताने दूर करते.

सापेक्षतेचा परिणाम आधीच मोजता येतो; बंद पडलेल्या घड्याळावर मात्र उपाय नसतो. भारताने जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए उपग्रहावरील तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे पुढे निकामी झाली. बाकी यंत्रणा शाबूत असूनही स्थाननिश्चितीसाठी तो निरुपयोगी ठरला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या ‘नाविक’ मालिकेतील उपग्रहावर प्रथमच स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने ते विकसित केले आहे.