गिरणी वाचवायची म्हणजे नेमकं काय वाचवायचं?

अकोला, अमरावतीची नवी पिढी गिरणीचा पत्ता सांगते ती फक्त रिक्षावाल्याला. "सावतराम मिलजवळ घ्या", "मोहता मिल रोडने चला" वगैरे. गिरण्या गेल्या, नावं तेवढी रस्त्यांना चिकटून राहिली. त्या गिरण्या टिकाव्यात म्हणून सरकारनं काय काय केलं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडे "गिरणी बंद पडली" एवढ्या एका वाक्यात पन्नास वर्षांचा इतिहास उरकतात!

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना, आणि अमरावती-खामगावच्या बाजाराला सोन्याचे दिवस आले. मागोमाग रेल्वे आली. पण ती आली कापूस न्यायला. सरकी काढायची, गठाण बांधायची आणि मुंबईला धाडायची, एवढंच काम आपल्याकडे. जिनिंग-प्रेसिंग गावोगावी झाली, कापड विणणाऱ्या गिरण्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अकोल्यात सावतराम आणि मोहता, अचलपुरात विदर्भ मिल, बडनेऱ्याला एक. म्हणून त्यातली एक जरी आजारी पडली तरी सगळं गाव अंथरुणाला खिळे. मुंबईत एका गिरणीतून सुटलेला माणूस दुसऱ्या गिरणीच्या दारात उभा राहू शकत होता. अचलपूरचा माणूस कुठे जाणार होता?

या गिरण्यांचा आजार जुनाच. साचे म्हातारे, मालकांनी नफा काढून दुसरीकडे घातलेला, आणि १९५६ पासून मोठ्या गिरण्यांना नवे माग वाढवण्यावर सरकारी बंधन. हातमाग वाचावा म्हणून ते घातलं होतं. वाढला मात्र यंत्रमाग. असो. काम बंद ठेवलेल्या दिवसांची भरपाई, म्हणजे ज्याला कामगार 'ले-ऑफ' म्हणत, त्यावरून सावतराम मिलचा वाद साठच्या दशकात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्यावरून कल्पना यावी.

सरकारचा पहिला उपाय १९५८ चा. तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो. बेकारी टाळण्यासाठी एखाद्या कारखान्याला 'मदत उपक्रम' जाहीर करायचं, म्हणजे त्या मुदतीत देणेकऱ्यांचे दावे थांबत, काही कामगार कायदेही बाजूला ठेवता येत. मुदत एका वेळी वर्षभराची, ती वाढवताही येई. मला हा कायदा फार बोलका वाटतो. कामगाराची नोकरी वाचवण्यासाठी कामगाराचेच काही हक्क गहाण टाकायचे! पण उपाशी राहण्यापेक्षा ते बरं, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

दुसरा उपाय मोठा. १९७२ च्या दुष्काळात केंद्र सरकारनं आजारी गिरण्यांचं व्यवस्थापन हाती घेतलं आणि १९७४ मध्ये देशातल्या १०३ गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. त्या यादीत अकोल्याच्या सावतराम आणि मोहता या दोन्ही होत्या, अचलपूरची विदर्भ मिलही होती. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. माझ्या वर्गात गिरणी कामगारांची पोरं बरीच. गिरणी 'सरकारी' झाली म्हणजे आता पगाराची चिंता मिटली असं घराघरांत बोललं जाई. आणि खरंच, पुढची काही वर्षं वह्या-पुस्तकांसाठी मुलांना ताटकळावं लागलं नाही. राष्ट्रीयीकरणाला आज ऊठसूट नावं ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की त्या पगारावर एक पिढी शिकली. माझे कित्येक विद्यार्थी त्यातलेच.

पण सरकारनं गिरणी घेतली आणि यंत्रं तीच ठेवली. वर गरिबांसाठी स्वस्त नियंत्रित कापड काढायची जबाबदारीही मुख्यतः याच गिरण्यांवर. ज्या गिरणीचं कंबरडं मोडलंय तिनंच तोट्यातलं कापड विणायचं. दरवर्षी पगारापुरता पैसा दिल्लीहून यायचा, नव्या साच्यांपुरता कधी आला नाही. १९९१ नंतर दिल्लीचा सूर बदलला, मग स्वेच्छानिवृत्ती आली आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं देशभरातल्या साठाहून अधिक गिरण्या कायमच्या बंद केल्या. चाळीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला तेव्हा सांगितलं होतं, "बाई, भोंगा बंद झाला अन् घरात घड्याय असून टाइम समजत नाही बाप्पा." हातात आलेली रक्कम बहुतेकांच्या घरी लेकीच्या लग्नात आणि पत्र्याच्या घराला स्लॅब टाकण्यात संपली.

तिसरा प्रयत्न मात्र वेगळा होता आणि त्याचं मला आजही कौतुक वाटतं. मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या जागांना सोन्याचा भाव आला. २००५ मध्ये एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जागा ७०२ कोटींना गेली. जागा विकून मिळणाऱ्या पैशातून महामंडळानं नव्या गिरण्या उभारायचं ठरवलं. कर्नाटकात हसनला मिनर्व्हा, अहमदाबादला राजनगर आणि आपल्या अचलपुरात फिनले. मुंबईची फिनले वऱ्हाडात आली! दीडशे वर्षं आपला कापूस मुंबईला गेला, एकदा तरी मुंबईची गिरणी कापसाच्या दारात आली. मालकी तीच, सरकारी, पण या वेळी यंत्रं नवी कोरी. विदर्भ मिलची माणसं म्हातारी झाली होती, त्यांची मुलं फिनलेत लागली. आधी चुकलं ते यंत्रांत चुकलं, असं म्हणणाऱ्यांना (त्यात मीही आले) हा पुरावाच वाटला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि महामंडळाच्या सगळ्या गिरण्यांबरोबर फिनलेही थांबली. टाळेबंदी उठली. चक्र्या फिरल्या नाहीत. निवेदनं झाली, मोर्चे झाले. कायम कामगारांना अर्धा पगार आणि बदली कामगारांच्या हाती काही नाही. अर्ध्या पगाराची गोम अशी, की माणूस हजेरीपटावर राहतो. तो धड बेकार नाही, धड कामावर नाही. दुसरीकडे कायमचं जावं तर हक्काची रक्कम बुडेल ही भीती, थांबावं तर किराणा भागत नाही. १९५८ च्या कायद्यानं निदान गिरणी चालू ठेवून हक्क थांबवले होते. इथे गिरणीच थांबली आणि नोकरी तेवढी कागदावर उरली.

आता सगळं लक्ष अमरावतीजवळच्या नांदगावपेठेकडे आहे. तिथल्या वस्त्रोद्योग वसाहतीत रेमंडसारखे मोठे कारखाने आले आहेत, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याच्या कार्यक्रमातून एक हजार एकरांच्या 'पीएम मित्र' पार्कची पायाभरणी केली. देशात असे सात, त्यातला एक आपल्या वाट्याला आला याचा आनंदच आहे. पण मागास भागाला सवलती द्यायचं धोरण महाराष्ट्रात १९६४ पासून आहे. करात सूट, स्वस्त जागा, अलीकडे विजेच्या दरात सवलत. सवलत कारखान्याला मिळते, किती वर्षांसाठी ते करारात लिहिलेलं असतं. कामगाराला मात्र किती वर्षं ठेवायचं हे कुठे लिहिलेलं असतं का? बरीचशी भरती ठेकेदारामार्फत होते, असं ऐकते.

फिनलेत होता असा माझा एक विद्यार्थी मध्यंतरी भेटला. चाळिशी उलटलेली. परतवाड्याहून नांदगावपेठेला कामाला जावं का, असं विचारत होता. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, एसटीचा पास, बारा तासांची पाळी, आणि तिकडे रुजू झाल्याचं कळलं तर इकडचं नाव कटेल ही धास्ती. मी त्याला म्हटलं, आधी तिथल्या नेमणुकीच्या कागदावर कारखान्याचा शिक्का आहे की ठेकेदाराचा, ते बघून ये. तो अजून आलेला नाही.