टपालाची राखण

पत्र हरवलें तर निरोप हरवतो; परंतु लखोट्यांत नोट असेल तर तिच्याबरोबर एखाद्या कुटुंबाचा निर्वाहही बुडतो. म्हणून टपाल सुखरूप कसें पोंचवावें, हा प्रश्न टपालाइतकाच जुना आहे.

पहिला उपाय शस्त्राचा. डाकेचा हलकारा घुंगरांचा भाला घेऊन रानवाटेनें धांवे. त्या नादानें श्वापदें दूर होत. इंग्लंडांत २ ऑगस्ट १७८४ रोजीं ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी निघाली, तिच्यावरही हत्यारबंद पहारेकरी होता.

परंतु एकट्या भाल्यापुढें टोळी थोडीच हटते? म्हणून व्यापाऱ्यांनीं निराळा विचार केला : चोराच्या हातीं जें लागेल, तें त्याला निरुपयोगी ठरावें. हुंडीची व्यवस्था याच तत्त्वावर होती. शहाजोग हुंडीचे पैसे प्रतिष्ठित सावकारालाच मिळत. मूळ हुंडी गहाळ झाल्यास 'पेठ' आणि तीही हरवल्यास 'परपेठ' लिहून देत. १८६१ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत सरकारी नोटा सुरू झाल्यावर लोकांनीं याहून सोपी युक्ति योजिली. नोटेचे दोन तुकडे करून एक टपालानें पाठवावा. तो पोंचल्याचें उत्तर आलें, कीं दुसरा रवाना करावा. वाटेंत थैली लुटली गेली, तरी लुटारूला मिळे अर्धा कागद !

या युक्तींत वेळ मात्र दुप्पट लागे आणि सारी काळजी पाठविणाऱ्याच्याच माथीं राही. पुढें टपालखात्यानें तिचा कांहीं भाग आपल्याकडे घेतला. रजिस्टर टपालाची हातोहात नोंद होऊं लागली. तें कोणाच्या ताब्यांतून गहाळ झालें, हें सहीवरून शोधतां येऊं लागलें. १८७७ सालीं व्ही. पी. आली. १८८० सालीं मनिऑर्डर सुरू झाली, तेव्हां पाठविणाऱ्याचे रुपये थैलींत घालण्याचें कारणच उरलें नाहीं. इकडे रक्कम भरावी, तिकडे तेवढी मिळावी. मध्यें प्रवास करी तो केवळ हुकमाचा कागद.

तरीही १८९८ च्या कायद्यानें सरकारनें नुकसानीची सर्वसाधारण जबाबदारी नाकारली. जी स्पष्टपणें पत्करली, तेवढीच मानली. म्हणून मोलाच्या पार्सलाचा विमा उतरावा लागे. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा २०२४ सालीं अमलांत आला. त्यांतही नियमांनीं ठरविलेल्या मर्यादेपलीकडे जबाबदारी नाहीं.

भाल्यानें चोर दूर ठेवला, सहीनें वाट दाखविली; पण गेलेलें भरून कोण देणार, हें आधीं ठरविल्यावांचून पाठविणारा निर्धास्त होत नाहीं.